पणजोबा कुठल्या दप्तरात सापडतील?

वंशावळीच्या शोधाविषयी प्रश्न मागवले, तेव्हा बडोद्याच्या मराठी वाचकांची पत्रे अपेक्षेपेक्षा जास्त आली. सरदार-मानकऱ्यांच्या घराण्यांवर लिहिलेले बरेच आहे, म्हणून कारकून, शिलेदार, शिक्षक, शिंपी, शेतकरी अशा साध्या घरांची पत्रे निवडली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, आणि वाचकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : पणजोबा साताऱ्याकडून बडोद्याला आले आणि सरकारी कचेरीत कारकून झाले, एवढेच घरात सांगतात. १९३०च्या आसपास वारले. नाव, वडिलांचे नाव, आडनाव यापलीकडे हाती काही नाही. कोठीच्या, म्हणजे बडोदे संस्थानच्या सरकारी दप्तरापासून सुरुवात करावी का?
– दांडिया बाजार

उत्तर : कोठीत जायचेच, पण सर्वांत शेवटी. सरकारी दप्तर माणसांच्या नावाने लावलेले नसते. ते खाते, तालुका आणि वर्ष यांनुसार लावलेले असते. पणजोबा कोणत्या खात्यात आणि साधारण कोणत्या वर्षांत होते हे हाताशी नसेल, तर रुमालांच्या (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांच्या) ढिगापुढे बसून दिवस जाईल आणि हाती धूळ लागेल.

आधी घर. ट्रंका, देवघराचे कपाट, माळा. जन्मपत्रिका सापडली तर तीत जन्माची तिथी-वेळ असतेच, बहुधा वडील-आजोबांची नावे आणि गोत्रही असते. पेन्शनचा एखादा कागद असेल तर खाते आणि निवृत्तीचे साल एका फटक्यात कळते. पण सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे लग्नामुंजीतली आहेराची वही. कोणी लुगडे दिले, कोणी खण, कोणी रुपया, हे लिहिताना देणाऱ्याचे गावही लिहीत. 'वाईकर काका' असे नुसते नाते लिहिलेले असले तरी उपयोगी पडते. एकाच घरातल्या तीन-चार वह्या शेजारी ठेवा. जे गाव प्रत्येक वहीत येते ते बहुतेक मूळ गाव, नाहीतर आजोळ. या शोधात आडनावापेक्षा गाव शंभर पटींनी मोलाचे, हे आधीच सांगून ठेवतो.

मग महानगरपालिकेचे जन्म-मृत्यू नोंदणी खाते. 'अंदाजे १९३०' असा अर्ज करू नका. '१९२७ ते १९३३' अशी मुदत द्या, आणि पत्ता त्या काळच्या पुऱ्याच्या नावाने लिहा : रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी, नवापुरा. उताऱ्यात ठरावीक रकानेच येतात. मूळ नोंदवहीत वय, जात, मृत्यूचे कारण, खबर देणाऱ्याचे नाव असे जास्तीचे काही असू शकते, म्हणून मूळ पान पाहू देण्याची विनंती जरूर करा. खबर देणारा बहुधा मुलगा, पुतण्या किंवा जावई असतो. तीच पुढची कडी. नोंद सापडली नाही तर तीन शक्यता : माणूस गावी जाऊन वारला, नोंद घरगुती नावाने झाली, किंवा सालच चुकीचे आहे. सालच चुकीचे असते, असा अनुभव जास्त.

तिसरी पायरी शाळा, आणि इथे बडोदेकरांचे नशीब थोर. सयाजीराव महाराजांनी १८९३मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६मध्ये तो सगळ्या राज्याला लागू केला. त्यामुळे ज्या घरात दस्तऐवज नाही की सनद नाही, त्या घरातले पोरही शाळेच्या पटावर आले. शाळेत पणजोबांना शोधू नका, त्यांच्या मुलांना शोधा. गुजरातेत या नोंदवहीला 'वयपत्रक' म्हणतात. विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख असे तिचे रकाने. जन्मस्थळावर बोट ठेवा. थोरल्याचे जन्मस्थळ साताऱ्याकडचे आणि धाकट्याचे बडोदे असेल, तर स्थलांतराचे साल दोन मुलांच्या वयांच्या मधे कुठेतरी पकडले गेले. 'आधीची शाळा' या रकान्यात गावाचे नाव मिळाले तर सोन्याहून पिवळे. शाळा बंद पडली असली तर वह्या जवळच्या शाळेकडे गेलेल्या असतात. नगर प्राथमिक शिक्षण समितीकडे चौकशी करा. जन्मतारीख १ जून दिसली तर ती मास्तरांनी घातलेली समजा. तिच्यावरून पत्रिका करायला बसू नका.

घर स्वतःचे असेल तर सिटी सर्व्हेची मिळकतपत्रिका काढा. मालक कसे बदलले, कोणत्या तारखेला आणि कशाने (वारसाई, वाटणी, खरेदी) याची ओळीने नोंद असते. वारसाईच्या एका नोंदीत कधी पाच-सहा भावंडे एकदम भेटतात.

हे चारही हाताशी आले की कोठी.

प्रश्न : कोठीत नेमके काय मागायचे? एकदा जाऊन आलो. 'नाव सांगून कागद मिळत नाही' असे ऐकून परतलो.
– राजमहल रोड

उत्तर : तुम्हाला खरे तेच सांगितले. कोठी आवारातल्या गुजरात राज्य अभिलेखागाराच्या दक्षिण वर्तुळ दप्तरभांडारात बडोदे संस्थानचे कागद आहेत. ओळखपत्राची प्रत आणि संशोधनाचा विषय लिहिलेला अर्ज तयार ठेवा. अर्जात 'माझ्या पणजोबांची माहिती' असे लिहू नका. 'महसूल खाते, अमुक तालुका, अमुक ते अमुक साल, नेमणुका व निवृत्तिवेतन' असे लिहा. म्हणजे याद्या कोणत्या काढायच्या ते तिथल्या माणसाला कळते. एका खेपेला एकच खाते आणि पाच-सहा वर्षांचा पट्टा घ्या.

संस्थानच्या छापील 'आज्ञापत्रिके'चे अंक जिथे पाहायला मिळतील तिथे पाहा. अंमलदारांच्या नेमणुका, बदल्या, रजा अशा गोष्टींसाठी सरकारी पत्रकासारखा स्रोत नाही. मात्र हुजऱ्या, शिपाई, उमेदवार कारकून त्यात शोधू नका. त्यांची नावे पगारपटावर आणि पेन्शनच्या प्रकरणात असतात. भाषेची तयारी ठेवा. एकोणिसाव्या शतकातले मराठी कागद बहुतेक मोडीत. पुढे गुजराती वाढते आणि वरच्या कचेऱ्यांत इंग्रजीही. एकाच माणसाचे आडनाव तीन लिप्यांत तीन तऱ्हांनी दिसेल. गुजराती कागदात त्याच्या जातीपुढे नुसते 'दक्षिणी' लिहिलेले असले तर बुचकळ्यात पडू नका. मराठी मुलखातून आलेला, एवढाच त्याचा अर्थ.

आणि हो, सापडलेल्या प्रत्येक कागदाचा खाते, रुमाल आणि फाइल क्रमांक त्याच जागी, त्याच क्षणी टिपून घ्या. फोटो काढून 'नंतर लिहू' म्हणणारे दुसऱ्यांदा तोच रुमाल मागायला येतात.

प्रश्न : घरी एक मोडी कागद आहे. वाचून घेतला तेव्हा 'सयाजीराव गायकवाड', 'सु॥ खमस अशरीन मयातैन व अलफ, छ ५ रबिलावल' आणि आमच्या पूर्वजाचे नाव 'रामजी बिन संताजी, शिलेदार, दिमत…' असे निघाले. म्हणजे आमचे पूर्वज सयाजीराव महाराजांच्या पदरी सरदार होते ना?
– वाडी

उत्तर : दोन चुका होतात, त्या आधी काढू.

'सु॥' म्हणजे शुहूर सन. हे अरबी अंक एककापासून वर वाचायचे : खमस म्हणजे ५, अशरीन म्हणजे २०, मयातैन म्हणजे २००, अलफ म्हणजे १०००. एकूण १२२५. हा सन मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतो. म्हणून जून ते डिसेंबरच्या तारखेला ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मृगापर्यंत ६००. 'छ' म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. त्या साली रबिलावल ऑक्टोबरच्या अखेरीस लागला होता, म्हणून १२२५ अधिक ५९९, म्हणजे ऑक्टोबर १८२४चा शेवट. कामाला लागणारे बाकीचे अंक असे : इहिदे १, इसन्ने २, सलास ३, आर्बा ४, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९, अशर १०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०, मया १००. खमस आणि खमसैन, सबा आणि सबैन यांची गल्लत झाली की पूर्वज पंचेचाळीस ते त्रेसष्ट वर्षे सरकतो.

१८२४ साली गादीवर दुसरे सयाजीराव होते (१८१९ ते १८४७). पहिल्यांचा काळ १७७१ ते १७८९, आणि ज्यांना आपण नुसते 'महाराज' म्हणतो ते तिसरे, १८७५ ते १९३९. कागदात नाव एकच असते. साल न काढता नावावर विसंबले, तर पूर्वज पन्नास वर्षे पुढे ढकलला जातो आणि मधल्या दोन पिढ्या गडप होतात. बडोद्यातल्या वंशावळींत ही चूक सर्रास दिसते.

आता 'सरदार'. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला आलेला स्वार. घोडा सरकारचा असला तर तो बारगीर. 'दिमत'पुढे ज्याचे नाव आहे तो पथकाचा प्रमुख, तुमचा रामजी त्याच्या हाताखाली. यात कमीपणा काही नाही, उलट शोधाला हे सोयीचे आहे. रामजीचे नाव मोठ्या याद्यांत येणार नाही, पण त्या प्रमुखाच्या पथकाचे कागद मिळाले तर हजेरीपटात, पगारपटात, मेलेल्या घोड्याच्या भरपाईत तो सापडू शकतो. तेव्हा रामजीला सोडा आणि प्रमुखाच्या मागे लागा. 'बिन' म्हणजे 'चा मुलगा', म्हणून संताजी ही आणखी एक पिढी फुकटात मिळाली.

इथे एक सापळा आहे. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. रामजी बिन संताजी, पुढे संताजी बिन रामजी, परत रामजी बिन संताजी असा रहाट चालतो. १८२४चा रामजी आणि १८७०चा रामजी एकच माणूस धरला की वंशावळ दोन पिढ्यांनी आखूड होते. ताळा सोपा आहे : पिढीला सरासरी २५ ते ३० वर्षे धरून मोजा. दीडशे वर्षांत चारच पिढ्या येत असतील, तर मधे कोणीतरी गिळला गेला आहे. बाप-लेकाच्या वयात १२-१३ वर्षांचेच अंतर पडत असेल, तर तो बाप नसून थोरला भाऊ असावा.

प्रश्न : आजोबांच्या वहीत 'संवत १९५६ चैत्र वद्य' अशी एका मृत्यूची नोंद आहे. ग्वाल्हेरच्या चुलत घराण्याच्या वहीतही त्याच माणसाची नोंद आहे, पण इंग्रजी साल काढले की एक वर्षाचा फरक पडतो. कोण चुकले?
– कारेलीबाग

उत्तर : बहुधा कोणीच नाही. गुजरातेत विक्रम संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो, उत्तरेत चैत्रात. तुमच्या वहीतला १९५६चा चैत्र म्हणजे इसवी १९००. ग्वाल्हेरकडच्या मोजणीत त्याच आकड्याचा चैत्र म्हणजे साधारणपणे १८९९. गुजराती संवतासाठी नियम असा : कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ वजा करा, जानेवारीपासून आश्विनापर्यंत ५६. शालिवाहन शकाला ७८ मिळवा, आणि जानेवारी ते पाडव्याच्या आधीची तिथी असेल तर ७९.

महिन्यातही गोम आहे. आपले महिने अमावास्येला संपतात, उत्तरेकडचे पौर्णिमेला. म्हणून आपला भाद्रपद वद्य पक्ष, म्हणजे पितृपक्ष, तिकडे आश्विन कृष्ण पक्ष म्हणून लिहिला जातो. शुद्ध पक्षात हा घोळ नाही. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांत पंचांग मराठी आणि कचेरीतला मुनशी तिकडचा, असे असू शकते. तेव्हा एकाच मृत्यूच्या दोन तिथी दिसल्या तर आधी पक्ष पाहा. वद्य असेल तर महिना एकाने मागेपुढे करून बघा.

तुमचे साल १९५६च आहे, तर छप्पनच्या दुष्काळाची आठवण ठेवा. त्या वर्षी गुजरातेत माणसे घरदार सोडून बाहेर पडली. १८९९-१९००च्या आसपास घरातले कोणी अचानक नोंदींतून नाहीसे होत असेल, तर मृत्यूची नोंद शोधण्याबरोबर पुढच्या वर्षांत दुसऱ्या गावीही शोध घ्या.

प्रश्न : १९११च्या खानेसुमारीत आमच्या पणजोबांच्या घराचे नाव पाहायला मिळेल का? परदेशात असे मिळते म्हणतात.
– गेंडीगेट

उत्तर : नाही. आपल्याकडे घरोघर भरलेले तक्ते आकडे काढल्यावर जपून ठेवले गेले नाहीत. छापील अहवालात जाती, धंदे, भाषा, गावे यांचे आकडे मिळतात, माणसे नाहीत. तुमच्या जातीची किती माणसे तेव्हा शहरात होती हे जाणण्यापुरता तो अहवाल चाळा.

प्रश्न : पणजीचे माहेर कसे शोधायचे? लग्नात नाव बदलले, आडनाव बदलले. वंशावळीत तिच्या जागी 'सौ.' एवढेच आहे.
– मांडवी

उत्तर : हा सर्वांत अवघड भाग, आणि बहुतेक घरे इथेच हात टेकतात. छापील कुलवृत्तांतांतही जुन्या पिढ्यांच्या बायकांचे रकाने रिकामे दिसतात. पण एक वाट आहे, ती श्राद्धातून जाते.

पार्वण श्राद्धात पित्याकडचे तीन पुरुष येतात : पिता, पितामह, प्रपितामह. त्यांच्याबरोबर माता, पितामही, प्रपितामही. आणि तिसरी ओळ मातामहांची, म्हणजे आईचे वडील, आजोबा, पणजोबा, सपत्नीक, त्यांच्या गोत्रासह. आता हिशेब करा. तुमचे आजोबा श्राद्ध करत होते, तेव्हा त्यांचे 'मातामह' म्हणजे तुमच्या पणजीचे वडील! म्हणजे आजोबांच्या किंवा त्यांच्या भावांच्या हातची श्राद्धाची नावांची यादी मिळाली, तर पणजीचे वडील, आजोबा, पणजोबा आणि माहेरचे गोत्र एका ओळीत हाती येते. महालयाची (पितृपक्षातल्या श्राद्धाची) यादी आणखी मोठी असते. तीत काका, मामा, आत्या, मावशी, सासरा, गुरू असे सगळेच येतात. ही यादी घरच्या उपाध्यायांच्या वहीत, पंचांगाच्या मागच्या पानावर किंवा पोथीच्या पुठ्ठ्यात घडी करून ठेवलेली सापडते. आजोबांचे चुलत भाऊ चालणार नाहीत हे लक्षात ठेवा, त्यांचे मातामह वेगळे. ज्या घरांत पार्वण करण्याची चाल नाही तिथे ही वाट बंद. तिथे आहेराची वही आणि लग्नाची यादी यांवर भिस्त ठेवावी.

जमिनीच्या कागदांत बाईच्या नावापुढे 'कोम', 'मर्द' किंवा 'भ्र.' (भ्रतार) असे आले की पुढचे नाव नवऱ्याचे. 'बिन' समजून त्याला बाप केले की सगळा वेल चुकतो. 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. विधवा आईच्या नावाआधी ते असेल, तर त्या तारखेला मुलगा अज्ञान होता, आणि वडील वारल्याचे साल त्याच्या जवळपास शोधायचे. १९५६चा हिंदू वारसा कायदा येण्यापूर्वीच्या वारसनोंदींत मुली बहुधा नसतात. त्यावरून घराला मुली नव्हत्या असे धरू नका.

लग्नाच्या वयावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. बडोदे राज्यात १९०४च्या कायद्याने मुलीला १२ आणि मुलाला १६ वर्षांची अट घातली. त्यानंतरच्या कागदांत नवरी नेमकी बारा-तेराची असेल, तर तो आकडा कायद्यापुरता असू शकतो. खरे वय पत्रिकेत पाहा.

प्रश्न : नाशिकला गेलो होतो. तीर्थोपाध्यायांनी आडनाव विचारले, बाड उघडले, तीन-चार घराणी दाखवली. एकही आमचे नाही. दक्षिणा गेली ती गेली. या नामावळींवर विश्वास ठेवावा का?
– नवापुरा

उत्तर : ठेवावा, पण तयारी करून जावे. नामावळीची किल्ली म्हणजे मूळ गाव. एकाच आडनावाची पन्नास घरे पन्नास गावची असतात, आणि बाडे जात व गाव यांनुसार वाटलेली असतात. 'आम्ही बडोद्याचे' म्हणालात तर उपाध्याय तरी काय करणार? तुमचे घर बडोद्याला येण्याआधी जिथले होते, त्या गावच्या नावाने ते लिहिलेले असते. गाव माहीत नसेल तर निघू नका. कुलदैवत, गोत्र आणि आहेराच्या वहीतली गावे यांवरून दोन-तीन संभाव्य गावे काढा आणि ती घेऊन जा. कुलदैवतावरून गाव नक्की होत नाही, पण मुलूख कळतो. गुहागरच्या व्याडेश्वराचे घर कोकणातले धरून चालायला हरकत नाही. जेजुरी-तुळजापूर मात्र अर्ध्या महाराष्ट्राचे.

नाशिक-त्र्यंबकेश्वर झाले की गुजरातेतली दोन ठिकाणे विसरू नका. डभोईजवळचे चांदोद, जिथे बडोदेकर नर्मदेवर अस्थी आणि श्राद्धे घेऊन जातात, आणि मातृगयेसाठी (आईच्या श्राद्धासाठी) सिद्धपूर. सिद्धपूर तर बडोदे राज्यातच होते. बडोद्यात स्थायिक झाल्यावरच्या पिढ्या इथे लिहिलेल्या सापडण्याचा संभव जास्त. हरिद्वारच्या वह्यांपैकी काहींची छायाचित्रे फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर आहेत, पण नाव टाकले आणि उत्तर आले असे तिथे होत नाही. पाने उलटावी लागतात.

नोंद सापडली तर काय पाहायचे? ती कोणी लिहिली ते. अनेकदा यात्रेकरूने स्वतःच्या हाताने लिहिलेली असते, तेव्हा त्याच्या बाप-भावांची आणि मुलांची नावे खात्रीची. आजोबांच्या आधीच्या पिढ्यांची नावे मात्र ऐकीव. उपाध्यायांनी मागाहून जोडलेली शाई वेगळी दिसते. दक्षिणेचे आधी बोलून घ्या, फोटो काढायचा तर विचारून. आणि तुमची नोंद कराल तेव्हा मुलींची नावे लिहा, सुनांची माहेरेही. पुढच्या कोणाला मांडवीच्या पत्रलेखिकेसारखे चाचपडायला नको.

प्रश्न : मूळ गाव वाई तालुक्यातले निघाले. तिथे आता आमचे कोणी नाही. बडोद्यात बसून काय करता येईल, आणि जाऊन काय करावे?
– पाणीगेट

उत्तर : बसून : महाराष्ट्राच्या भूमिअभिलेखांच्या संकेतस्थळांवर जुने स्कॅन केलेले उतारे मिळू शकतात. तुमचे गाव त्यात आहे का ते आधी पाहा. कुणबी नोंदींच्या शोधासाठी अलीकडे जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरे उपसली गेली आणि सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. तुमची जात कोणतीही असो, गावात कोणकोणती दप्तरे शिल्लक आहेत याचा अंदाज त्यावरून येतो. बडोद्याच्या आसपास शेतजमीन असेल तर गुजरातच्या एनीआरओआर या जमीननोंदींच्या संकेतस्थळावर जुने सातबारा आणि हक्कपत्रकाच्या नोंदी (गाव नमुना ६) पाहायला मिळतात.

जाऊन : तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात दोन गोष्टी मागा. एक कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, गावची जन्म-मृत्यूची वही. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव नसते, कारण बारसे व्हायचे असते. 'अमक्याचा मुलगा' एवढेच. म्हणून बापाच्या नावाने शोधा. दुसरे, जुने फेरफार, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदी. 'मयत, वारस मुलगे…' ही ओळ म्हणजे आयती वंशावळ. त्यात 'परगावी' किंवा 'बडोदे येथे' असा शेरा सापडला तर तुमची फांदी झाडाला जोडली गेली.

अडचण इथे येते : जुन्या कागदात सर्व्हे नंबर, आजच्या उताऱ्यात गट नंबर. जमिनींच्या एकत्रीकरणात नंबर बदलले. जुना नंबर कोणत्या गटात गेला हे एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून मिळवा. तो नसेल तर शेजारच्या शेतकऱ्यांची नावे आणि चतुःसीमा जुळवत जा. हे काम एका दिवसाचे नाही. गावात एखादा म्हातारा माणूस गाठून 'बडोदेकरांचा वाडा' किंवा 'बडोदेवाल्यांचे रान' कुठले असे विचारा. माणसे गेली तरी जागेला नाव राहते.

प्रश्न : आजोबा दत्तक गेले होते. वंशावळीत कुठे दाखवायचे?
– रावपुरा

उत्तर : दोन्हीकडे. जन्मघराकडे तुटक रेघ, दत्तकघराकडे सरळ, आणि दत्तविधानाची तारीख. तिसरे सयाजीराव स्वतः कवळाण्याच्या काशीरावांचे चिरंजीव गोपाळराव, आणि १८७५पासून खंडेराव महाराजांचे दत्तक पुत्र. एकच माणूस, दोन बाप, दोन्ही खरे. कागद शोधताना मात्र दत्तकाआधीची शाळेची नोंद जुन्या नावाने आणि नंतरची नव्या नावाने मिळेल. भाऊ म्हणून ज्याला धरले तो जन्माचा की दत्तकाचा, हे प्रत्येक वेळी तपासा.

प्रश्न : डीएनए चाचणी करून घ्यावी का?
– मांजलपूर

उत्तर : त्यातून गाव, नाव किंवा साल कळत नाही. ज्या दूरच्या नातलगाने तीच चाचणी केली असेल तो जुळू शकतो, एवढेच. तो खर्च नाशिक आणि वाईच्या प्रवासावर करावा.

प्रश्न : सापडलेले मोडी कागद चिरगळायला लागले आहेत. लॅमिनेट करून ठेवू का?
– लहेरीपुरा

उत्तर : मुळीच नको. लॅमिनेशन परत निघत नाही, उष्णतेने कागद आणखी करपतो. सेलोटेपही नको, त्याचा गोंद वर्षा-दोन वर्षांत पिवळा डाग पाडतो. जुनी शाई बरीचशी काजळीची, पाण्याने पुसली जाते, म्हणून ओल्या बोळ्याने धूळ काढू नका. मऊ ब्रशने काढा. घड्या हळू उघडा, एकदम सपाट करायला जाऊ नका, घडीवरच कागद फाटतो. दोन पांढऱ्या, आम्लविरहित कागदांमध्ये ठेवून सुती रुमालात बांधा. वेखंडाची पुरचुंडी बाजूला ठेवा, कागदाला टेकवून नको. पोटमाळा टाळा, आणि पावसाळ्यानंतर एकदा सावलीत वारा द्या.

फोटो दिवसाउजेडी, फ्लॅशशिवाय, बाजूने प्रकाश येईल असा काढा. फिकी अक्षरे तिरप्या उजेडात उठून दिसतात. कागद उलटून मागच्या बाजूचाही फोटो घ्या. कचेरीत कागद कधी पोचला, कोणाच्या हस्ते आला, कोणी रुजू केला, हे शेरे पाठीवरच मारलेले असतात, आणि पुढच्या बाजूला नसलेले नाव तिथे असते.